आरएक्स हाती आली, आता काय? छोट्या टू-स्ट्रोकची तब्येत आणि पिकअप, सोप्या भाषेत

यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल बंद होऊन तीसेक वर्षं झाली. १९८५ला आलेली ही गाडी १९९६ला थांबली, तरी कागदपत्रं नीट आणि पार्ट मूळचे असतील तर आज ती लाखाच्या खाली सहसा सुटत नाही. घेणाऱ्यांत निम्मी पोरं तर गाडी बंद झाल्यावर जन्मलेली. सुझुकी सामुराई, शोगन, आरएक्स १३५, येझदी यांचंही थोड्याफार फरकाने तेच. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, आलंय, आणि शहराशहरांत पोलीस जप्त केलेले कर्कश सायलेन्सर ओळीने मांडून रोडरोलरखाली चिरडतायत. त्यामुळे नव्या मालकाचे प्रश्न ठरलेले: ऑइल किती टाकू? पिकअप कसा वाढवू? सायलेन्सर कुठला लावू? ई-२०ने इंजिन जाईल का?

हे चार प्रश्न दिसतात वेगळे, पण उत्तराला बसलं की एकमेकांत अडकतात. टू-स्ट्रोकमध्ये हवा, पेट्रोल, ऑइल आणि सायलेन्सर यांचा एकच संसार असतो. एकाला हात लावला की बाकीचे तिघे हलतात. नवीन माणसाची गाडी बसते, म्हणजे इंजिन निकामी होतं, ती बहुतेक वेळा इथेच.

दोन स्ट्रोकमध्ये काय काय उरकतं

स्प्लेंडर किंवा अॅक्टिव्हाच्या इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्या होतात: हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा खालचा दांडा, दोनदा फिरतो तेव्हा एक स्फोट. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट. म्हणूनच ९८ सीसीची आरएक्स ११ हॉर्सपॉवर द्यायची, आणि त्याच साली आलेली जवळपास तेवढ्याच सीसीची फोर-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० सात-साडेसातवर थांबायची.

इथे फोर-स्ट्रोकसारखे डोक्यातले व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या कापलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना तोच त्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर गेला की त्याच्याखाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद कप्प्यात, ओढ तयार होते आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून मिश्रण आत येतं. आरएक्सला वाटेत रीड व्हॉल्व्ह आहे, म्हणजे पातळ पात्या. त्या आत उघडतात आणि उलटं जाऊ देत नाहीत. पिस्टन खाली आला की ते मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या पोर्टांतून वर सिलिंडरमध्ये घुसतं. पिस्टनच्या डोक्यावर स्फोट आणि पायाशी पंपाचं काम, दोन्ही एकाच दमात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा लेख त्यांच्यावरच उभा आहे. एक, क्रँककेस हवाबंद हवी, कारण तीच पंप आहे. दोन, क्रँकच्या बेअरिंगना, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला वंगण मिळतं ते याच येणाऱ्या मिश्रणातून. फोर-स्ट्रोकसारखं खाली ऑइलचं तळं नाही. गिअरबॉक्समध्ये ऑइल असतं, पण तो कप्पाच वेगळा.

सायलेन्सर इंजिनाचाच तुकडा आहे

धूर बाहेर जाणं आणि ताजं मिश्रण आत येणं हे एकाच वेळी चालतं. संध्याकाळी सहाला दादरला लोकल थांबते तसं. उतरणारे उतरतायत, चढणारे घुसतायत, आणि कसेबसे आत गेलेल्यांतले चारजण लोंढ्याबरोबर परत फलाटावर. आता हा थांबा किती वेळाचा, ते बघा. ७,५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, सेकंदाला १२५ चक्रं होतात, म्हणजे एका चक्राला ८ मिलिसेकंद, आणि एक्झॉस्टची खिडकी त्यातला जेमतेम निम्मा वेळ उघडी.

बाहेर पडलेल्यांना परत आत रेटायला फलाटावर कुणीतरी पाहिजे. ते काम सायलेन्सर करतो. त्याची नळी आधी रुंद होत जाते, पुढे निमुळती होते. धुराच्या दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून माघारी येते आणि खिडकी मिटायच्या क्षणी निसटलेलं मिश्रण आत ढकलते. नळीची लांबी ठरलेली असल्याने ही लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर पोचते. आरएक्सवर एका टप्प्यानंतर पाठीत धक्का बसतो ना, तो तिथला. त्या पट्ट्याला पॉवरबँड म्हणतात.

आता कुणी बाजारातून नुसता आवाज ऐकून सायलेन्सर आणला आणि बसवला. लाट लवकर येते किंवा उशिरा. खालचा पिकअप जातो, वरचाही धड मिळत नाही आणि गल्लीतली म्हातारी माणसं शिव्या घालतात ती वेगळीच. शेपटाकडचा बॅफल, म्हणजे आतली जाळीची नळी, काढून फिरवण्याचं खूळ तर जुनंच आहे. आवाज चौपट होतो म्हणून गाडी पळतेय असं कानाला वाटतं. घड्याळ लावून कुणी बघत नाही.

ऑइल: किती, कुठलं आणि कुठून जातंय

टू-स्ट्रोकचं ऑइल दोन वाटांनी जातं. एक, पेट्रोलमध्येच मिसळून. दोन, वेगळ्या टाकीतून पंपाने. आरएक्स १०० कंपनीतून निघाली तेव्हा तिला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप होता, आणि तो पंप थ्रॉटलच्या केबलशी जोडलेला. मूठ जास्त पिळली की ऑइल जास्त.

सेकंडहँड गाडीत खरी गोम इथेच आहे. या तीस वर्षांत कितीतरी गाड्यांचे पंप मेकॅनिकांनी बंद केले, तोंडाला बोल्ट ठोकला आणि मालकाला सांगितलं, ‘आता टाकीतच मिसळ.’ ती गाडी पुढे दोन-तीन हात फिरली. नवा मालक साइड पॅनल उघडतो, ऑइलच्या टाकीत एक लिटर भरतो आणि नुसतं पेट्रोल टाकून निघतो. थोड्याच अंतरात पिस्टन जाम. म्हणून गाडी घेताना पहिला प्रश्न मीटरचा विचारू नका. पंप चालू आहे का, ते विचारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पंपाचं झाकण काढून केबल हलते का, ऑइलची नळी कार्बोरेटरच्या बाजूला जोडलेली आहे का, नळीत बुडबुडे आहेत का. टाकी कोरडी पडून पुन्हा भरली असेल तर पंपातली हवा काढावीच लागते, नाहीतर पंप फिरतो पण पोचवत काही नाही. शंका असेल तोवर पेट्रोलमध्ये मिसळूनच चालवा. फार तर चार दिवस धूर जास्त येईल.

मिसळायचं प्रमाण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच. हवेने थंड होणाऱ्या या जुन्या छोट्या इंजिनांना लिटरला २५ ते ४० एमएल हा नेहमीचा पट्टा. २० एमएल म्हणजे ५०ला १, आणि ४० एमएल म्हणजे २५ला १. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघून घ्या. ही जपानी प्रतवारी आहे. एफबीपेक्षा एफसीचा धूर कमी, आणि एफडी त्याहून इंजिन स्वच्छ ठेवतं. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल यात चालत नाही, ते जळायला बनवलेलंच नसतं. कोकणात आणि गोव्यात आणखी एक मोह असतो: होडीच्या इंजिनासाठी आणलेलं टीसीडब्ल्यू-३ ऑइल घरात पडलेलं असतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे, आरएक्सचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा भाग, त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो.

मिसळताना बाटलीत थोड्या पेट्रोलबरोबर ऑइल घेऊन हलवा आणि मग टाकीत ओता. पंपावर आधी ऑइल टाकीत ओतून वर पेट्रोल मारलं आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडाच राहिला, तर घट्ट ऑइल थेट कार्बोरेटरात उतरतं आणि गाडी तिथेच रुसते.

‘मग थोडं जास्तच टाकतो, सेफ राहील’

हे सगळ्यांनाच वाटतं, आणि इथेच टू-स्ट्रोक उलटी वागते.

दोन शब्द एकदाच समजून घेऊ. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण लीन, जास्त झालं तर रिच. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक भोकातून, द्रव जातो तो मापानेच. त्या मापात ऑइल जास्त झालं तर पेट्रोल तेवढं कमी झालं, शिवाय घट्ट मिश्रण भोकातून जातंही हळू. म्हणजे जास्त ऑइल टाकून तुम्ही गाडी जराशी लीन केलीत. वर प्लग काळा, एक्झॉस्ट पोर्टात डांबर, सायलेन्सर भरलेला. थोड्या फरकाने काही बिघडत नाही, पण लिटरला ६०-७० एमएल ओतून इंजिनावर उपकार होत नाहीत.

लीनची एवढी भीती का? पेट्रोल इंजिनात जळतं तसंच वाफ होताना ते आतलं तापमानही उतरवतं. पेट्रोल कमी झालं की पिस्टन तापतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉकची आतली भिंत बिडाची. अॅल्युमिनियम तापून बिडापेक्षा जास्त फुगतं. मधली फट म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला हिशेब. आणि ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असेल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तापही वाढला आणि वंगणही गेलं. मग पिस्टन भिंतीला चिकटतो. गॅरेजच्या भाषेत गाडी जाम झाली.

ई-२०चं काय?

देशाने २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३०चं ठेवलं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ला गाठलंही. इथेनॉलचा बराच वाटा उसातून येतो, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे बापाच्या उसाचं इथेनॉल पोराच्या आरएक्समध्ये, असा हिशेबही कुठे ना कुठे बसत असेल. त्यावर राजकारण करणाऱ्यांनी ते करावं. आपल्याला जेटशी देणंघेणं आहे.

शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिसळलं की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. नव्या गाड्यांत सेन्सर आणि कॉम्प्युटर ते वाढवून देतात. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही, त्याचं भोक १९८५ला होतं तेवढंच आहे. थोडक्यात, तुम्ही काहीही न करता तुमची गाडी लीन झालेली आहे. ई-२०चा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची ताकद, जास्त असतो हे खरं, इथेनॉल वाफ होताना जास्त थंडावा देतं हेही खरं, त्यामुळे सगळ्या जुन्या गाड्या रातोरात बसल्या नाहीत. पण जी आधीच काठावर होती तिचा तोल जातो.

उपाय फार मोठा नाही. मेन जेट एक किंवा दोन नंबरांनी वाढवायचा, कार्बोरेटरात मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या सुईची क्लिप एक खाच खाली. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. नवीन माणूस हमखास याच्या उलटं धरतो. जेट चांगल्या कंपनीचाच घ्या. पिनने किंवा तारेने भोक मोठं करणारे मिस्त्री अजून भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे निघा.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून महिना-दोन महिने गाडी शेडमध्ये उभी राहिली, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. त्या थरात टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल विरघळत नाही. आणि कॉकची नळी कुठून ओढते? तळातून. म्हणजे पहिल्या किकलाच इंजिनाला मिळतं ते बिनऑइलचं पाणीदार इथेनॉल. म्हणून लागेल तेवढंच पेट्रोल मिसळून ठेवा. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा. जुन्या रबरी नळ्या, फ्लोट पिनचं टोक आणि ओ-रिंग इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात; या स्वस्तातल्या वस्तू आहेत, एकदाच सगळ्या बदलून टाका.

पिकअप वाढवण्याआधी गेलेला परत आणा

नव्या मालकाला माझं एकच सांगणं असतं. तुम्ही जिला ‘स्टॉक’ म्हणता ती गाडी स्टॉक नाहीच. कंपनीने दिलेल्या ११ घोड्यांतले किती तबेल्यात उरलेत ते बघा, मग बाहेरून आणायचं बोला. यातलं बरंचसं काम घरच्या अंगणात होतं.

सुरुवात इंजिनाच्या बाहेरून करा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. चार-पाच चकरा मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक लायनर घासत असेल, चेन कोरडी किंवा ताणलेली असेल, बेअरिंग खरखरत असेल, तर पिकअप तिथेच मरतोय. टायरमधली हवाही बघा. ‘गाडी ओढत नाही’ म्हणून ब्लॉक उतरवायला निघालेल्या कितीतरी गाड्या नुसता ब्रेक सैल केल्यावर पळू लागतात.

मग एअर फिल्टर. स्पंज असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑइल चोळून पिळून काढा. फाटला असेल तर नवा. फिल्टर काढून चालवली की गाडी श्वास मोकळा घेते असं म्हणतात. घेते, आणि धूळही घेते, शिवाय लीन होते. वरचा सगळा हिशेब पुन्हा लागू.

आता क्रँकची सीलं. क्रँककेस हवाबंद हवी म्हटलं ना, ती हवाबंद ठेवणारी दोन रबरी सीलं असतात, एक वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या बाजूला, एक क्लचच्या बाजूला. जुन्या गाडीत ती कडक झालेली असतात. मॅग्नेटकडचं गेलं तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं. मूठ सोडली तरी रेस खाली येत नाही, आयडलिंग कधी वर कधी खाली, आणि मॅग्नेटच्या झाकणाआड काळा ओलेपणा दिसतो. अशा गाडीचा कार्बोरेटर कितीही वेळा ट्यून करा, जमणार नाही. क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल गळती न दिसता कमी होतं. सील स्वस्त आहे, मजुरी त्याहून जास्त, आणि नवीन पिस्टन त्याहूनही जास्त. कार्बोरेटर आणि ब्लॉकच्या मधला रबरी मॅनिफोल्डही चिरलेला असतो. इंजिन चालू ठेवून सांध्यावर साबणाचं पाणी लावा, आत ओढलं गेलं किंवा रेस बदलली तर फट सापडली.

कार्बोरेटर साफ करताना कुठला भाग कधी काम करतो ते माहीत हवं. मूठ जेमतेम उघडी असते तेव्हा पायलट जेट आणि एअर स्क्रू. पाव ते पाऊण मुठीला सुई. शेवटच्या पाव भागात मेन जेट. रोज गावातल्या गावात फिरणाऱ्याचा सगळा वेळ सुईवर जातो, तरी लोक भांडतात मेन जेटवर.

प्लग बाहेर काढून बघणं हे या सगळ्याचं रोजचं रिपोर्ट कार्ड. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर काढा. टोकाचं पांढरं चिनी मातीचं नाक चहाच्या रंगाचं असेल तर उत्तम. काळं आणि ओलं म्हणजे रिच किंवा ऑइल जास्त. राखेसारखं पांढरं म्हणजे लीन, आणि गाडी उभी करा. त्या पांढऱ्यावर चंदेरी ठिपके दिसले तर ते तुमच्या पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे.

शेवटी कार्बन, म्हणजे आत साचलेली काजळी. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उतरवून त्याच्या आतला आणि पिस्टनच्या डोक्यावरचा थर लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नाही. एक्झॉस्ट पोर्ट साफ करताना पिस्टन खाली नेऊन ठेवा, खरवडलेली भुकटी पुसून काढा. पोर्ट भरून अर्धा झालेल्या गाड्या मिळतात. सायलेन्सर सोडून बॅफल साफ केला की काही गाड्या अशा सुटतात की मालकाला वाटतं मेकॅनिकने आत काहीतरी केलं. जाता जाता: जपानी गाड्यांचे स्क्रू आपल्या साध्या चौफुली ड्रायव्हरने पटकन गोल होतात. हातोडा मारला की फिरतो तो इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, मूळचे स्क्रू वाचतील.

पिस्टन-ब्लॉकचं काम निघालंच तर

किकला दम उरला नसेल, वरून खडखड येत असेल, तर बोअरिंग. ब्लॉक लेथवर कापून पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवतात. इथे दोन गोष्टी उभं राहून बघा. कापल्यावर पोर्टांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या हाताने घासून जराशा गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग त्यांत अडकून तुटते. घाईत हे काम राहून जातं. बोट फिरवून बघा, कड बोचता कामा नये. दुसरं, पिस्टनच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगांची टोकं खाचेतल्या बारीक पिनेवर बसलेली असतात, म्हणजे टोक पोर्टासमोर येत नाही. पिस्टन उलटा बसला तर ते येतं. पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगाने ताणू नका, मूठ कमीजास्त करत चालवा, मध्ये मध्ये थंड होऊ द्या.

‘पण पोर्टिंग केलेली आरएक्स उडते की’

उडते. खिडक्या घासून वर नेल्या की वरच्या आरपीएमला जास्त मिश्रण जातं. हेड घासून कमी केलं की दाब वाढतो. मोठा कार्बोरेटर जास्त हवा देतो. हे खोटं नाही. पण खिडकी उंच झाली की सायलेन्सरच्या लाटेची वेळ चुकते, ती जुळवायला सायलेन्सर बदलला की जेट बदलतो, जेट बदलला की प्लग आणि ठिणगीचं टायमिंग. ड्रॅग रेसला गाडी नेणारे हे सगळं एकत्र करतात आणि इंजिन सतत उघडून बघतात. तुम्ही त्यावर सोमवारी कामाला जाणार आहात. पोर्ट घासलेला ब्लॉक पुन्हा भरून येत नाही, आणि मूळचा ब्लॉक आता मिळणं मुश्किल.

खरंच काही करून बघायचं असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचा, एक दात कमी करा. चौदा दात असतील तर तेरा केल्यावर प्रत्येक गिअरमध्ये सात-आठ टक्क्यांनी ओढ वाढते आणि वरचा वेग साधारण तेवढाच उतरतो. नाही आवडलं तर जुना स्प्रॉकेट परत चढवायचा.

आणि वेग वाढवायच्या आधी थांबवायचं बघा. आरएक्सला पुढेही ड्रमच आहे. लायनर चांगल्या दर्जाचे, ड्रम आतून गोल, केबल नवी. सात घोडे वाढवल्यावर ब्रेक तोच राहतो.

घाट उतरताना

आंबोली किंवा करूळचा घाट उतरताना मूठ पूर्ण बंद, गाडी गिअरवर, इंजिन जोरात फिरतंय. फोर-स्ट्रोकला हे चालतं. टू-स्ट्रोकला मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि मिसळलेलं असेल तर ऑइलही बंद. पंपाच्या गाडीतही मूठ बंद असली की पंप कमीत कमीच ऑइल देतो. इंजिन चार-पाच हजार आरपीएमने जवळपास कोरडं फिरत राहतं. म्हणून अधूनमधून क्लच दाबून मूठ जराशी पिळायची, उतारभर. जुने चालक हे न सांगता करतात. सरळ रस्त्यावर बराच वेळ फुल मूठ मारून एकदम सोडली तरी हाच धोका.

चालता चालता इंजिन अचानक जड झालं, आवाज बदलला, कुणी मागून धरल्यासारखं वाटलं, तर त्या क्षणी क्लच. विचार नंतर. क्लच सोडलेला असेल तर मागचं चाक लॉक होतं. म्हणून टू-स्ट्रोकवर डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय. बाजूला घेऊन पूर्ण थंड होऊ द्या, गरम असताना किक मारून रिंगा मोडू नका.

प्रदूषण आणि कागद

लोकलमधून परत फलाटावर पडलेले ते चारजण आठवतायत ना? ते न जळलेलं पेट्रोल आहे, आणि ते सगळं परत आत येत नाही. चांगल्या टू-स्ट्रोकमधूनही आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा बराच भाग तसाच धुराड्यातून जातो. नियम कडक होत गेले आणि या गाड्या बंद पडल्या त्या यामुळे, कुणाच्या कटामुळे नाही. नीट जेट, योग्य ऑइल, बंद सीलं असतील तर धूर बराच कमी होऊ शकतो. हट्टाने एवढी जुनी गाडी चालवायची तर इतकं आपल्याकडे लागतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. आरएक्स १०० मध्ये १३५चा ब्लॉक बसवला की आरसीवरची सीसी खोटी ठरते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच काढते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं. त्यासाठी आरटीओत नेताना मूळ सायलेन्सर, आत बॅफल, आरसा, हॉर्न, दिवे आणि इंजिन-चॅसिसचे नंबर वाचता येतील असे घासून स्वच्छ. ब्रशने चॅसिस नंबरावरचं ग्रीस आदल्या रात्री काढा. तिथे रांगेत उभं राहून बोटाने खरवडत बसलेले लोक दिसतातच.